वेळ कोठून काढला?

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार असून तीत इतिहासासंबंधी एखादा लेख असावा, असा आमच्या चिटणीसबाईंचा निरोप आला. नंदुरबारचा इतिहास म्हटला की १९४२ च्या ९ सप्टेंबरचा शिरीषकुमारांच्या बलिदानाचा दिवस प्रथम डोळ्यांपुढे येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु त्यावर आजवर अनेक जाणत्या माणसांनी लिहिले आहे, माझ्या लेखणीने त्यात काही नवी भर पडेल असे नाही. म्हणून मी निराळाच विषय घेतला आहे. तो मला आपल्या मंडळाच्याच हळदीकुंकवात सापडला.

गेल्या संक्रांतीला आपल्या एका भगिनीने स्वतः काढलेली चित्रे मंडळाच्या खोलीत मांडली होती, हे पुष्कळ जणींना आठवत असेल. मी त्यांच्या शेजारीच तिळगूळ वाटायला उभी होते. येणारी प्रत्येक बाई चित्रांपुढे दोन मिनिटे थांबे, "छान आहेत हो!" म्हणे आणि लगेच विचारी, "पण घरचं सगळं सांभाळून वेळ कोठून काढता?" रंग कोणते वापरले, झाड निळे का काढले, हे एकीनेही विचारले नाही. बाईंनी पहिल्या चार-पाच जणींना नीट उत्तर दिले. पुढे त्या नुसत्या हसू लागल्या. या प्रश्नात कौतुक होते, नाही असे नाही. पण कौतुकाच्या खाली थोडासा संशयही होता. ही बाई घरी काहीतरी अर्धे टाकून इकडे आली असणार, असा. मी स्वतः तो प्रश्न तोंडाने विचारला नाही, पण मनात तोच होता, हे कबूल केले पाहिजे.

घरी आल्यावर मात्र वाटले की हा प्रश्न काही आजचा नव्हे. ज्या बायकांची नावे आपण आज अभिमानाने घेतो, शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो, त्यांनी वेळ कोठून काढला? त्यांच्याही घरी चूल होती, मुले होती, सणवार होते, आजारपणे होती. चरित्रे लिहिणारे लोक बहुधा एका वाक्यात हे उरकतात: "संसार सांभाळून त्यांनी कलेची सेवा केली." सांभाळून म्हणजे काय करून? त्या एका शब्दामागे काय काय झाकले गेले आहे, ते पाहावे म्हणून मी थोडे वाचन केले. जे हाती आले ते येथे देत आहे.

सुरुवात आपल्या खानदेशातून करू. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. आपण म्हणू, जळगाव कोठे आणि नंदुरबार कोठे! पण त्या वेळी हा सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढे धुळे जिल्हा, आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी आपला नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा बहिणाबाई जन्मल्या त्या वर्षी असोदे आणि नंदुरबार एकाच जिल्ह्यात होती. त्यांची बोली लेवा गणबोली. आपल्याकडची अहिराणी तिची शेजारीण. त्यांची गाणी समजायला आपल्याला कोश उघडावा लागत नाही, हे आपले भाग्य. पुण्याकडच्या वाचकांना ते भाग्य नाही, असे म्हटले तर त्यांनी रागावू नये.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८९३ साली, त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. घर शेतकऱ्याचे आणि मोठे. पुढे ऐन तिशीत वैधव्य आले. पदरात एक मुलगी आणि दोन मुलगे. त्यांतल्या एका मुलाला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आलेले. शेत, गोठा, धान्य, चूल, मुले, भाऊबंदकी हे सगळे त्यांच्या अंगावर. अक्षरओळख नव्हती. अशा बाईला, आपल्या हळदीकुंकवातल्या भाषेत, वेळ कोठून मिळाला?

मी त्यांच्या गाण्यांची नुसती नावे एका कागदावर लिहून काढली आणि मला उत्तर मिळाले. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी'. ही नावे एकाखाली एक वाचा: शेतकऱ्याच्या घरचे वर्षच डोळ्यांपुढून जाते. बी पेरले, पीक कापले, खळ्यात मळले, वाऱ्यावर उफणले. त्याखेरीज जात्यावरचे 'घरोट' आहे, विहिरीवरची मोट आहे, गुढी आहे, पोळा आहे, आपली आखाजी आहे. म्हणजे बहिणाबाईंनी कामातून वेळ काढून गाणी रचली नाहीत. कामाचा वेळ हाच गाण्याचा वेळ होता. मळणी चालली असताना मळणीचे गाणे. जाते फिरत असताना जात्याचे. त्यांना वेगळी खोली, वेगळे मेज, वेगळी दुपार लागली नाही, कारण त्यांच्या कलेला लागणारे सामान म्हणजे फक्त गळा आणि स्मरण, आणि ही दोन्ही हात गुंतलेले असतानाही मोकळीच असतात.

हे ऐकायला गोड वाटते; पण जरा थांबून पाहिले पाहिजे. माझ्या लहानपणी, १९६०-६५ च्या सुमारास, शहादे तालुक्यातल्या आमच्या खेड्यात पहाटेची जाती अजून चालत होती, म्हणून मी स्वतः पाहिलेले सांगू शकते. दळायला दोघी बसत, समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओढायचे, दुसरीने लोटायचे. मध्येच एकीने मूठ सोडून ज्वारीचा घास जात्याच्या तोंडात टाकायचा. फेरा मंद असतो. त्या फेऱ्यावर ओवीचा एक चरण बसतो, श्वास घ्यायला जागा राहते, आणि त्या जागेत पुढचा चरण सुचतो. यमक कशासाठी असते हे मला शाळेत कधी कळले नव्हते, ते जात्यापाशी कळले. यमक म्हणजे खुंटी. ज्या बाईजवळ कागद नाही ती आपली ओळ त्या खुंटीला अडकवून ठेवते आणि उद्या पहाटे पुन्हा काढून घेते. आमच्याकडच्या गाण्यांत पहिला शब्द दोन-दोनदा म्हणायची लकब आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांतही ती दिसते. पंडितांना त्यात नादमाधुर्य दिसते, आणि ते आहेच. मला मात्र त्यात काम करणाऱ्या बाईची युक्ती दिसते: तोंडाने तोच शब्द दुसऱ्यांदा म्हणत असताना मन पुढची ओळ जुळवीत असते.

पुढे आमच्या गावात पिठाची गिरणी आली. तिचे भोंगळ भक्‌भक् ऐकून आम्ही पोरे नाचलो. बायकांच्या खांद्यांवरचे मोठे ओझे उतरले आणि ते उतरले हे फार बरे झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायली दोन पायली ज्वारी दळून पाहावी. परंतु त्याबरोबर पहाटेचा तो दीड-दोन तासांचा गाण्याचा काळही गेला. गिरणीने वाचवलेला वेळ बायकांना गाण्यासाठी परत मिळाला असे मी तरी पाहिले नाही. तो दुसऱ्या कामात गेला. कोणत्या, ते नक्की सांगता येत नाही; पण गेला.

बहिणाबाईंच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि माझ्या मते तोच या लेखाचा खरा विषय आहे. आई गात असताना तिचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ हे दोघे ती गाणी कागदावर उतरून घेत. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावी वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली; अत्रे ती वाचून हरखून गेले, त्यांनी आग्रह धरून प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. १९६१ साली 'मानिनी' बोलपटात ती गाणी आली आणि घरोघर गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्या विद्यापीठाखाली येतात. म्हणजे आपल्या गावच्या मुली आज जी पदवी घेतात तिच्यावर अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी बाईचे नाव छापलेले असते.

पण पुस्तकात गाणी किती? पस्तीसच्या आसपास. सत्तर वर्षांहून अधिक आयुष्य, त्यातली निदान पन्नास-पंचावन्न वर्षे शेतात, खळ्यात आणि जात्यावर गेलेली, आणि शिल्लक पस्तीस! बाकीची कोठे गेली? जेव्हा मुलगा जवळ होता, त्याच्या हाती कागद होता आणि त्याला ऐकायला सवड होती, तेवढी राहिली. उरलेली जात्याच्या घरघरीत गेली. तेव्हा बहिणाबाईंनी वेळ काढला की नाही हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. त्यांचा वेळ त्यांनी काढलाच होता. वेळ काढायला हवा होता तो ऐकणाऱ्याने.

संतकथा रचणाऱ्यांना हे ठाऊक असावे असे मला वाटते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, गोवऱ्या वेचू लागतो. ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात. मला तिच्यात व्यवहारही दिसतो. गाणे रचणाऱ्या बाईच्या जात्याला दुसरा हात लागल्याखेरीज तिचे गाणे पुरे होत नाही, आणि घरातला कोणी तो हात लावीत नव्हता म्हणून लोकांना देवाला बोलवावे लागले.

आता खानदेशाबाहेर जाऊ. कारण बहिणाबाईंच्या गाण्यावर घर चालत नव्हते. जिच्या कलेवरच घर चालते, तिचे काय? तिला तर दोन्हीकडे हजेरी लागते.

हिराबाई बडोदेकर यांचा जन्म ३० मे १९०५ रोजी मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. एकट्या बाईने पाच मुले वाढवायची, आणि हाती संपत्ती म्हणाल तर मुलांच्या गळ्यातले सूर. हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली, थोरले बंधू सुरेशबाबू माने यांची मिळाली. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या समाजात बाईने उघड्या मैफिलीत, तिकीट लावून गावे, ही गोष्ट मान्य नव्हती. गाणाऱ्या बाईचे गाणे ऐकायला पुरुष जात, पण आपल्या बायकोला नेत नसत. हिराबाई स्वच्छ साधे लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, हातवारे न करता शांतपणे बसून गात. आणि हळूहळू त्यांच्या मैफिलींना बायका येऊ लागल्या. आज आपल्या मंडळात गाण्याचा कार्यक्रम ठेवताना कोणी भुवई उंचावीत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या बाईंना आहे.

१९२९ साली या भावंडांनी नाटकमंडळी काढली. बालगंधर्वांचा तो जमाना. स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची, हाच रिवाज. तेथे हिराबाई आणि त्यांच्या बहिणी कमलाबाई व सरस्वतीबाई स्वतः स्त्रीभूमिका करू लागल्या, पुरुषांबरोबर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. धाडस मोठे होते, पण वेळ वाईट आली. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले. लोकांचे पाय थिएटराकडे वळले, आणि थोड्याच वर्षांत मंडळी कर्जात बुडून बंद पडली. ते कर्ज हिराबाईंनी गावोगाव मैफिली करून फेडले.

या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले. मैफिली करून कर्ज फेडायचे म्हणजे आगगाडीने प्रवास, रात्र रात्र गाणे, सकाळी पुन्हा गाडी. गळा हा काही गिरणीचा पट्टा नव्हे. त्याला रियाज लागतो, झोप लागते, पथ्य लागते. हे सगळे त्यांनी कसे जमवले? याचे उत्तर त्या घरातच आहे. ते घर म्हणजेच शाळा होती. भाऊ गुरू, बहिणी सहकारी, आई मागे उभी. पुण्याला त्यांचे संगीत विद्यालय होते. एकीचा गळा बसला तर दुसरी उभी. १९५३ साली सुरेशबाबू गेले, तरी घराचे गाणे थांबले नाही. सरस्वतीबाई राणे आणि हिराबाई यांनी पुढे जुगलबंदीही गायिली. प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या त्याच घरात सुरेशबाबू व हिराबाई या दोघांपाशी शिकली. घर एका बाजूला आणि कला दुसऱ्या बाजूला, मध्ये बाई तारेवरची कसरत करीत आहे, असे चित्र हिराबाईंच्या बाबतीत मला काढताच येत नाही. घराचा धंदाच गाणे होता. सुताराच्या घरी सगळे रंधा ओळखतात, तसे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्ली आकाशवाणीवरून 'वंदे मातरम्' गाण्याचा मान हिराबाईंना मिळाला. १९५३ साली त्या भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेल्या, १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या वारल्या.

आता या दोघींच्या पंक्तीला तिसरी जी बसवते, ती काही वाचकभगिनींना खटकेल. खटकली तरी बसवणार. दत्तजयंतीला आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची जत्रा भरते. घोडे पाहायला, एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायला आपण सगळ्या जातो. पण तमाशाच्या कनातीकडे पाहिले न पाहिलेसे करून पुढे निघतो. त्या कनातीच्या मागे राहुट्यांत चुली पेटलेल्या असतात, दोरीवर लहान मुलांची झबली वाळत असतात. रात्री जी बोर्डावर नाचणार ती संध्याकाळी त्या चुलीपाशी भाकरी थापत असते. मी एकदा पाहिले, आणि मग माझ्या लक्षात आले की आपण जिला नाचणारी म्हणतो तिलाही उद्याच्या पिठाची काळजी असते.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? जन्म १९३५ सालचा. वडील आणि चुलते यांचा फड होता. लहान वयात त्या बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे तमाशासम्राज्ञी म्हणून गाजल्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. त्यांची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे जाऊन त्यांनी मुलाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. समोरच्या लोकांना काय झाले ते कळले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला.

ही गोष्ट आपले लोक कलेवरच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून मोठ्या उत्साहाने सांगतात. सभेत टाळ्याही पडतात. मला ती ऐकली की अंगावर काटा येतो आणि राग येतो. त्या वेळी त्या बाईच्या जागी उभी राहायला दुसरी कोणी नव्हती का? सुपारी घेतलेली, तिकिटे विकलेली, फडातल्या तीस-चाळीस माणसांचे पोट त्या एका रात्रीच्या खेळावर. बाईने उभे न राहावे तर खावे काय? निष्ठा असेलच, ती मी नाकारीत नाही; पण तो दगड काही निष्ठेने हातात आला नव्हता. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या शेवटच्या आजारपणात पैशाची किती ओढ होती ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. त्यांच्या मागे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगलाताई बनसोडे यांनी स्वतःचा फड मोठ्या हिकमतीने चालवला. परंतु "संसार सांभाळून कलेची सेवा केली" हे वाक्य विठाबाईंच्या चरित्रात कोणी लिहिले, तर मी ते खोडून टाकीन.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आपल्या चित्रकार भगिनीच्या घरी मुद्दाम गेले. या वेळी आधी निळ्या झाडाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात संध्याकाळी सातपुडा निळा दिसतो, तेव्हा त्याच्या पायथ्याची झाडेही निळीच दिसतात. हिरवी म्हणून आपल्याला ठाऊक असतात, एवढेच. मग चहा झाला, आणि न विचारताच त्यांनी वेळेचे सांगितले. दुपारी दोन ते चार या वेळात त्यांच्या सासूबाई धाकट्याला शाळेतून आणतात, खायला घालतात, आणि दाराची बेल वाजली तर स्वतः उठतात. "सूनबाई कामात आहे," असे सांगतात. "चित्र काढतेय" असे सांगत नाहीत, कारण मग येणारी बाई सरळ आत येऊन बसते! सासूबाई आतल्या खोलीतून हे ऐकत होत्या, त्या तेथूनच म्हणाल्या, "मला मेलीला कोणी असं बसू दिलं असतं तर मीही काही केलं असतं." काय केले असते, हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही.

माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय लेख संपवता येत नाही. माझ्या चुलतसासूबाईंना कानबाईची गाणी अपार येत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदकीत कानबाई बसते हे आपणा सर्वांना माहीत आहे: दिवसभर रोटांचा स्वयंपाक, पुरण, गलक्यांची भाजी, आणि रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. दिवसभर चुलीपुढे बसलेली ती सत्तर वर्षांची म्हातारी रात्री दहाला पदर खोचून गायला बसे, ती उजाडेपर्यंत. दर वर्षी जुन्या गाण्यात दोन-चार नवी कडवी असत. एका वर्षी कोणाच्या तरी बदलीचे कडवे होते, एका वर्षी नळाला पाणी येत नसल्याचे. मी शिकलेली, पदवीधर. वीस श्रावण मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले, टाळ्या वाजवल्या, मागे ओढ धरली. घरात कागद होता, पेन होते, पुढे पुढे तर आवाज टेप करायचे यंत्रही होते. त्यावर आम्ही सिनेमाची गाणी ऐकत असू. एक ओळही मी लिहून घेतली नाही. ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली.

या श्रावणात मी वही घेऊन बसले. चुलतसासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी माझ्या वहीकडे पाहून आधी हात झटकला: लिहीत बसशील तर मागे ओढ कोण धरील? तेव्हा ठरले असे की मी ओढ धरायची आणि माझ्या नातीने लिहायचे. नातीचे अहिराणी कच्चे आहे. तिने काही शब्द असे लिहिले आहेत की ते वाचून आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. पण अकरा गाणी उतरली. त्यांतली सात पूर्ण आहेत. चार गाण्यांत मधली कडवी जाऊबाईंना आठवत नाहीत. तेथे आम्ही वहीत ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. रानबाई सासरी निघते त्या गाण्यात तर पाचव्या कडव्यानंतर एकदम आठवे येते. ज्या भगिनींना त्यांतली मधली दोन कडवी येत असतील, किंवा ज्यांच्या घरी एखाद्या म्हाताऱ्या बाईला येत असतील, त्यांनी कळवावे. मी दुपारी दोन ते चार घरीच असते. नात शनिवारी-रविवारी येते.